दूरच्या दोस्ताची वाट

तिमोतेया एदेजेरच्या दोन मुलांचं एका गोष्टीवरून जन्मभर पटलं नाही. थोरला होनोरातो, त्याला सगळं माबातो गाव आतोंग म्हणतं. तो अमेरिकनांच्या बाजूचा. धाकटी पुरिफिकासियोन, म्हणजे पुरिंग, ती त्यांच्या नावानं बोटं मोडणारी. बाकी दोघांचा एकमेकांवर फार जीव. पुरिंगला ताप आला की आतोंग शाळा बुडवून तिच्या उशाशी बसायचा, आणि आतोंगला पहिल्यांदा दारू चढली तेव्हा त्याला मागच्या दारानं घरात घेणारी पुरिंगच. पण जेवताना कुणी सुबिकचं नाव काढलं, की आई भाताचं भांडं उचलून आत नेऊन ठेवायची. आता हे दोघं जेवत नाहीत, हे तिला ठाऊक असायचं.

सुबिकला तेव्हा अमेरिकनांचा नाविक तळ होता, माबातोपासून बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आतोंग मिसरूड फुटल्यापासून तिथल्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. शनिवारी घरी यायचा तेव्हा पिशवीत सफरचंदं असायची आणि तोंडात जहाजांची नावं. पुरिंग इबाच्या कॉलेजात मास्तरीण व्हायला शिकत होती. तिच्या वर्गात लुर्देस नावाची मुलगी होती. सुट्टीत ती मावशीकडं तळाशेजारच्या ओलोंगापो शहरात गेली आणि तळावरच्या एका अमेरिकन खलाशानं तिची अब्रू घेतली. तक्रार झाली, तारीख पडली. तारखेच्या आधीच त्याचं जहाज निघून गेलं, आणि त्याच्याबरोबर तोही. लुर्देस पुन्हा कॉलेजात आली नाही. पुरिंग त्यानंतर मोर्चांना जाऊ लागली.

एक्क्याण्णव साली पिनातुबो डोंगर फुटला आणि आमच्या सगळ्या झांबालेस प्रांतावर राख पडली. त्याच साली तळाचा करार संपत आला. घरात भांडण पेटलं.

"तळ गेला आणि उद्या दारात चोर आला, तर कुणाला हाक मारशील?" आतोंग विचारायचा.

"आणि राखणीला ठेवलेलाच घरात शिरला तर कुणाला हाक मारू, कुया?"

कुया म्हणजे थोरला भाऊ. कितीही भांडली तरी पुरिंगनं त्याला कधी नुसत्या नावानं हाक मारली नाही.

सप्टेंबरात मनिलाच्या सिनेटमध्ये तळ ठेवायचा का, यावर मतं पडली. बारा जण नको म्हणाले, अकरा हवं म्हणाले. पुरिंग त्या दिवशी बाहेर रस्त्यावर पावसात उभी होती. निकाल कळला तेव्हा ती अनोळखी बायकांच्या गळ्यात पडून रडली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यांत आनंदाचा दिवस होता, असं ती अजूनही सांगते. लग्नाचा दिवस दुसरा.

पुढच्या वर्षी शेवटचं जहाज गेलं. आतोंग हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसनं घरी आला. पेटी पलंगाखाली सरकवली आणि बहिणीला म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता वाढ जेवायला." तिनं वाढलं. तो जेवला. त्यानं तिला दोष दिला तो तेवढ्या एका वाक्यात.

पुरिंगचं कॉलेज लग्नानं सुटलं. नवरा एल्पिदियो मच्छीमार, तोल राखायला दोन्ही बाजूंना बांबूच्या बाह्या लावलेल्या मोठ्या होडीचा मालक. त्यानं होडीला सासूचं नाव दिलं होतं, 'तिमोतेया'. आतोंगला त्यानं इंजिनावर घेतलं. माबातोच्या होड्या तेव्हा पश्चिमेला दूर, भर समुद्रातल्या एका खडकावर मासे धरायला जायच्या. गावात त्याला कार्बुरो म्हणतात. भरतीला सगळा पाण्याखाली, ओहोटीला चार सुळे वर. पण आत तळ्यासारखं निवांत पाणी आणि त्यात मासाच मासा. वादळ आलं की त्या तळ्यात शिरायचं, वादळ गेलं की बाहेर यायचं. चीनचे मच्छीमार असायचे, व्हिएतनामचे असायचे. सिगारेटी द्यायच्या, मीठ घ्यायचं. कुणी कुणाला हटकत नसे.

एल्पिदियोनं घरात रेडिओ बसवला आणि पुरिंगला तो चालवायला शिकवलं. हळूहळू गावातल्या सगळ्याच होड्या तिच्याशी बोलू लागल्या. कुणाच्या बायकोला कळा लागल्या, कुणाचा बाप गेला, कुठं ढग भरून आलेत, सगळं पुरिंगच्या तोंडून समुद्रावर जायचं. तिच्या आवाजाला होडीवरचे लोक 'घर' म्हणायचे. "घराला विचार," म्हणायचे, "घर काय म्हणतंय?"

तळ जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका खडकावर चीननं खांब रोवून झोपड्या उभ्या केल्याची बातमी आली. आतोंग जेवता जेवता थांबला. "चोर फाटकापाशी आलाय," म्हणाला. पुरिंग म्हणाली, "ते कुठं, आपण कुठं." पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. बरोबर काय आणि चूक काय, हे तिला पावसात उभं असताना लख्ख दिसलं होतं. आता पहिल्यांदा त्यावर जरा धूर आला.

पुढं कार्बुरोवरच पेच पडला. चीनची गस्तीची पांढरी जहाजं आली, आपलंही जहाज गेलं, समोरासमोर उभी राहिली. मोठ्या दोस्तानं, म्हणजे अमेरिकेनं, मध्ये पडून दोघांनाही मागं यायला सांगितलं म्हणे. आपलं जहाज मागं आलं. पांढरी तिथंच राहिली. त्यानंतर माबातोचं पोट मनिलाच्या हवेवर चालू लागलं. एक सरकार यायचं ते अमेरिकेच्या गळ्यात गळा घालायचं, की खडकावर चिनी आमच्या होड्यांना हाकलून लावायचे. दुसरं यायचं ते बीजिंगला जाऊन हसत फोटो काढायचं, की काही महिने खडकाच्या कडेनं जाळं टाकू द्यायचे, आत मात्र नाही. तिसरं आलं, पुन्हा अमेरिकनांना दारं उघडली, पुन्हा पांढऱ्या जहाजांवरून होड्यांवर पाण्याचे जोरकस फवारे सुरू झाले. राजधानीत कुणी कुणाचा हात धरला, हे पुरिंगला वर्तमानपत्राच्या आधी रेडिओवरच्या पोरांच्या आवाजावरून कळायचं.

एल्पिदियो एका उन्हाळ्यात अंगणात जाळं विणता विणता गेला. होडी मुलाकडं आली. रोएल बापासारखा कमी बोलणारा. आतोंगनं साठी ओलांडली आणि समुद्र सोडला. लग्न केलंच नव्हतं. तो बहिणीच्या अंगणात खोली बांधून राहू लागला आणि गावातली इंजिनं घरबसल्या दुरुस्त करू लागला.

आता सांगायचं ते झालं गेल्याच्या गेल्या एप्रिलात.

एप्रिल म्हणजे शांत समुद्राचा महिना. त्याच महिन्यात किनाऱ्यावर अमेरिकनांबरोबर मोठा लष्करी सराव व्हायचा होता. किनारा रक्षक दलाच्या चौकीवरून ताकीद आली, की सरावाच्या दिवसांत कुणी होडी काढायची नाही. समुद्रात तोफा चालणार आहेत. रोएल म्हणाला, "म्हणजे जवळचा समुद्र आपल्या दोस्तानं बंद केला, लांबचा त्यांनी. मग जायचं कुठं, नानाय?" नानाय म्हणजे आई.

त्यानं ताकीद लागू व्हायच्या आधीच कार्बुरोकडं निघायचं ठरवलं. शेजारच्या क्रिसांतोची होडीही बरोबर होती. पण रोएलचा इंजिनवाला दुबईला कामाला निघून गेला होता. आतोंगनं पलंगाखालून पेटी ओढली.

पुरिंग दारात आडवी उभी राहिली. "कुया, तुला जिना चढताना धाप लागते."

"होडीवर जिना नसतो."

"मस्करी पुरे झाली. तिकडं पाण्याचे फवारे मारतायत."

"मारू देत. अंघोळ होईल. आणि या खेपेला बघ, काही करणार नाहीत. इकडं दोस्त किनाऱ्यावर येऊन बसलाय. तो घरात असताना कोण हात लावतोय?"

"तो किनाऱ्यावर आहे, कुया. तू खडकावर असशील."

आतोंगनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हलकेच बाजूला केलं, लहानपणी करायचा तसं. "तीस वर्षं झाली, पोरी. अजून तुझा राग जात नाही."

होड्या गेल्या. दोन दिवस रेडिओवर सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुरिंग सुकट उन्हात पसरत होती, तेवढ्यात आतून रोएलचा आवाज आला. घाईचा नव्हता. पण तो एकेक शब्द सांभाळून बोलत होता. तिनं सुकट तशीच टाकली आणि आत धावली.

"घर, ऐकतेयस का? दोन पांढरी आलीयत. आम्ही बाहेरच आहोत, आत नाही गेलो. तरी येतायत."

"मागं फीर."

"फिरतोय. ती वेगात आहेत." मग खरखर, मग कुणाची तरी आरोळी, मग रोएलच मामाला ओरडत, "तियो, खाली बसा, खाली..." आणि रेडिओ बंद पडला.

तिनं हाक मारली. पुन्हा मारली. काही वेळानं उत्तर आलं ते क्रिसांतोचं. त्याला दुसऱ्या जहाजानं रेटत लांब नेलं होतं. 'तिमोतेया'वर पाणी मारताना त्यानं पाहिलं होतं, एका बाजूची बांबूची बाही मोडून लोंबताना पाहिली होती. पुढचं त्याला दिसत नव्हतं. "आलिंग पुरिंग," तो म्हणाला, गावात मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं, "मी जवळ जायला बघतो. पण सोडत नाहीत."

त्याच वेळी दक्षिणेकडून धप्प असा आवाज आला आणि घराची खिडकी थरथरली. थोड्या वेळानं पुन्हा. सराव सुरू झाला होता.

चौकीवरचा लेफ्टनंट तिच्या मुलाच्या वयाचा होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. आपलं एक जहाज त्या बाजूला आहे, म्हणाला, त्याला कळवलंय. पण पांढरी मध्ये आहेत. जवळ जायचं तर कसं जायचं, किती जायचं, हे वरून यावं लागतं.

"आणि बाकीची जहाजं?"

"सरावात आहेत."

पुन्हा तो आवाज आला. टेबलावरचा पेला किणकिणला. पुरिंगनं विचारलं, "कशाचा सराव चाललाय, बाळा?"

"परक्या जहाजानं आपल्यावर हल्ला केला तर काय करायचं, त्याचा," लेफ्टनंट म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच ते लागलं असावं, कारण तो खाली बघू लागला. पुरिंगला त्याचा राग आला नाही. त्याच्या हातात काय होतं?

ती घरी आली तर अंगणात माणसं जमलेली. कुणी पावाच्या पुड्या आणल्या होत्या, कुणी कॉफी उकळत होतं. मनिलाहून एका वार्ताहर मुलीचा फोन आला. आवाज गोड, काळजीनं भरलेला. "कुणी जखमी आहे का? कुणी... दगावलंय का?"

"ठाऊक नाही."

"कळलं की लगेच सांगाल? कारण कुणी दगावलं असेल तर गोष्ट वेगळी होते. मग अमेरिकेबरोबरचा संरक्षण करार लागू होऊ शकतो. सरकारनं म्हटलंय तसं, कुणी मारला गेला तर ती रेषा ओलांडल्यासारखी आहे."

पुरिंगनं फोन खाली ठेवला. जमलेल्या माणसांकडं तिनं पाहिलं. एक म्हातारा दुसऱ्याला हळूच सांगत होता, "आता तरी ते येतील. आता त्यांना यावंच लागेल." तो वाईट माणूस नव्हता. एल्पिदियोच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता. पण आतोंगच्या मरणाला आता एक किंमत आली होती, आणि अंगणातले चारदोन जण नकळत तिचा हिशोब करत होते.

दुसरी भीती त्याच्याही मागून आली. कुया मेला असला, आणि खरंच ते आले, तोफांसकट आले, तर? मग या अंगणातली सगळी पोरं जाणार. मग माबातोच्या किनाऱ्यावर सराव होणार नाही, दुसरंच काही होईल. ती मच्छीमारांच्या संताच्या, सांत आंद्रेसच्या, तसबिरीपुढं गुडघे टेकून बसली. भाऊ जगू दे, एवढंच मागायला बसली होती. पण त्याच्या जगण्यावर कायकाय टांगलंय, ते मनातून जाईना.

दुपार गेली. रेडिओवर क्रिसांतो अधूनमधून बोलायचा आणि अजून काही दिसत नाही म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं होडी सापडल्याचं सांगितलं. 'तिमोतेया' वाहत वाहत खडकापासून बरीच पूर्वेला आली होती, तिथवर पांढरी आली नव्हती. इंजिनात पाणी शिरलेलं. माणसं सगळी होती. रोएल बरा होता. "कुया आतोंग श्वास घेतोय," क्रिसांतो म्हणाला. "पण बोलत नाही. डोक्याला लागलंय, आणि हाताला." आपलं जहाज येऊन आतोंगला घेऊन जात होतं.

इबाच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वाट बघा. डोक्याला मार होता, डावा हात दोन ठिकाणी मोडला होता. पुरिंग त्याच्या उशाशी बसली. रोएल भिंतीला टेकून उभा. त्यानं जे पाहिलं ते थोडं होतं. तो सुकाणूवर होता, अंगावर पाण्याची भिंत येत होती, डोळे उघडता येत नव्हते. मामा आधी इंजिनापाशी खाली होता. मग वर का आला, ते रोएलला माहीत नव्हतं. त्यानं ओरडून बसायला सांगितलं होतं. नंतर पाहिलं तर मामा जाळं ओढायच्या लोखंडी रहाटापाशी आडवा.

तिसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण साहेब आला. मनिलातल्या कुठल्याशा खात्याचा. त्यानं फळांची टोपली आणली होती. पुरिंगला बाहेरच्या बाकावर बसवून तो म्हणाला, "आलिंग पुरिंग, ते पाण्याच्या माऱ्यानं फेकले गेले, हे तुम्ही स्पष्ट बोलायला हवं. कॅमेऱ्यापुढं. आपल्या दोस्ताला पुढं यायचं तर त्याला कारण लागतं. नुसत्या मोडक्या होडीवर कुणी येत नाही."

"त्यानं स्वतः काही सांगितलं नाहीये अजून."

"मुलगा सांगू शकतो."

"मुलानं पाहिलं नाही."

"पण झालं तर तेच असणार ना?"

"आणि तो वारला तर?"

साहेबानं उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. "तसं होऊ नये अशी प्रार्थना करतो," म्हणाला. पुरिंग त्या वेळात त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. तिला जे दिसलं ते दिसलं.

दुपारी दुसऱ्या खात्याच्या एक बाई आल्या. वयस्क, मऊ बोलणाऱ्या, पुरिंगचा हात हातात घेऊनच बसल्या. "समुद्रात तोल जातो हो माणसाचा," त्या म्हणाल्या. "वय झालेलं. लाट आली, पाय घसरला, असंही असेल. सध्या त्यांच्याशी बोलणी चाललीयत, तुमच्या होड्यांना पुन्हा कडेनं जाऊ द्यावं म्हणून. एका वाक्यानं सगळं विस्कटेल. आणि उद्या भडका उडाला, तर पहिली राख कुणाच्या घरावर पडेल? माझ्या नाही. तुमच्या."

हे खरं होतं. सकाळच्या साहेबाचंही खरं होतं. तरुणपणी रस्त्यावर उभं राहताना तिला दोनच बाजू दिसल्या होत्या आणि तिनं एक निवडली होती. आता या दोघांच्या मध्ये बाकावर बसून तिला वाटत होतं, आपण कुठल्या बाजूला सरकलो तरी पडणार तो आपलाच माणूस.

त्या संध्याकाळी आतोंगनं डोळे उघडले. आधी छताकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"रोएल?"

"बरा आहे. पाव आणायला गेलाय."

"होडी?"

"एक बाही गेली. इंजिन उघडावं लागेल."

"मी उघडेन," तो म्हणाला, आणि त्यानं डाव्या हाताकडं बघितलं.

तिनं त्याला चमच्यानं पेज भरवली. मग दार लावून घेतलं. "कुया, तू वर कशाला आलास? रोएल बस म्हणून ओरडत होता."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिला वाटलं, झोपला. मग भिंतीकडंच बघत तो बोलला.

"आवाज आला."

"कसला?"

"विमानाचा. मी खाली होतो. इंजिनांत जन्म गेला माझा, दुसरा आवाज असला की कळतो. वर आलो तर राखाडी विमान, खूप खाली, आमच्यावरून घिरटी घालत होतं. अमेरिकनांचंच. मला ओळखता येतं, पुरिंग. मी... मी शर्ट काढला आणि उभा राहिलो. हात हलवला."

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली.

"बघावं त्यांनी, म्हणून. इथं आहोत, बघा, म्हणून. त्यांनी पाहिलं असणार. इतकं खाली होतं. पुन्हा एक फेरी मारली. मी उभाच होतो. तेवढ्यात पाणी लागलं अंगाला. खाली बसून राहिलो असतो तर नुसता भिजलो असतो."

तीस वर्षं ज्या वादात तिला हार मानायची नव्हती, तो वाद ती त्या क्षणी जिंकली होती, आणि तिला ते नको होतं. तिनं पांघरुणाखालून त्याचा चांगला हात शोधला.

"पाणी लागलं ते सांग त्यांना," आतोंग म्हणाला. "खरं आहे ते. पण विमानाचं नको सांगूस. गाव हसेल. म्हातारा शर्ट हलवत होता म्हणतील."

"कुणी हसणार नाही, कुया."

"तू नाही हसलीस?"

"मी कशाला हसू?" ती म्हणाली. "मी असते तर मीही हलवला असता."

तो पहिल्यांदा थोडा हसला. "खोटं बोलतेस."

"थोडं."

रात्रभर ती विचार करत राहिली. सकाळी तिनं त्याला विचारलं, सगळं सांगू का, विमानासकट? अर्धं सांगितलं तर साहेब घेऊन जाईल, दुसरं अर्धं बाई. आतोंग म्हणाला, "तुझ्या मनाप्रमाणं कर. नाहीतरी तू माझं ऐकलंयस कधी."

साहेब आणि बाई, दोघांनाही तिनं एकत्र बोलावलं, वार्ताहर मुलीलाही. आतोंगच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून तिनं सगळं सांगितलं. होड्या बाहेरच होत्या. पांढऱ्या जहाजानं पाणी मारलं. त्या पाण्यानं भाऊ पडला. आणि भाऊ उभा राहिला होता तो वरून दोस्ताचं विमान जात होतं म्हणून. "त्यानं हात केला," ती म्हणाली. "विमानानं काय करायला हवं होतं ते मला माहीत नाही. पण त्यानं हात केला, हे सांगायचं राहू नये."

साहेबाचा चेहरा विमानाच्या उल्लेखावर उतरला. बाईंचा पाण्याच्या उल्लेखावर. संध्याकाळच्या बातम्यांत पाणी होतं, विमान नव्हतं. दुसऱ्या एका वाहिनीवर म्हाताऱ्यानं विनाकारण उभं राहून धोका ओढवून घेतला, असं कुणीतरी चर्चेत म्हणालं. सरकारनं निषेध नोंदवला. दोस्तानं आपली बांधिलकी पक्की असल्याचं पुन्हा सांगितलं. चीननं सगळंच नाकारलं. पुढच्या आठवड्यात वादळाची बातमी आली आणि सगळे तिकडं वळले.

गावात कुणी हसलं नाही. उलट क्रिसांतो एकदा येऊन बसला आणि कॉफी ढवळत म्हणाला, "मी पण हात केला होता, आलिंग पुरिंग. माझ्यापासून लांब होतं, एवढंच."

आतोंगचा डावा हात सरळ होत नाही. त्या बाजूच्या कानानं ऐकू कमी येतं. इंजिन रोएलनं उघडलं, आतोंग शेजारी स्टुलावर बसून शिव्या देत सांगत होता. पावसाळ्यात गावच्या सभागृहात अधिकारी आले. माबातोच्या खाडीत धक्का बांधायचा होता, दोस्ताच्या मदतीनं. मासेमारीला उपयोगी आणि गरज पडली तर त्यांच्या जहाजांनाही. लोकांचं म्हणणं विचारलं. पुरिंग उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही जुन्या दिवसांसारखी बोलणार.

"ते येऊन धक्क्यापर्यंतच राहणार, का खडकापर्यंत जाणार?" तिनं विचारलं. "धक्क्यापर्यंतच असतील, तर उद्या भांडण पेटलं की पहिला नेम आमच्या धक्क्यावर. आणि खडकावर आमची पोरं एकटीच."

अधिकारी म्हणाला, तो धोरणाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर त्याच्या पातळीवर नाही.

"मग ज्यांच्या पातळीवर आहे त्यांना पाठवा. आम्ही इथंच आहोत," ती म्हणाली आणि खाली बसली. आतोंगनं शेजारून विचारलं, "म्हणजे हवं का नको?" ती खिडकीतून खाडीकडं बघत होती. धक्क्याचा निर्णय अजून झालेला नाही.

फेब्रुवारीत समुद्र पुन्हा निवळला. किनाऱ्याजवळ मासा उरला नव्हता. रोएलनं नवी बाही बसवली, नवा इंजिनवाला शोधला, आणि एका दुपारी जेवून उठताना म्हणाला, "उद्या निघतो, नानाय. कार्बुरो."

आतोंगनं काही म्हणावं म्हणून पुरिंगनं त्याच्याकडं पाहिलं. तो ताटातल्या माशाचा काटा काढत राहिला, एका हातानं, फार सावकाश. मग भाच्याला म्हणाला, "विमान दिसलं तर दिसू दे. खाली बसून राहा."

"हो, तियो."

पुरिंग उठली आणि रोएलच्या बरोबर द्यायला भात बांधायला आत गेली. केळीचं पान दोनदा फाटलं. तिनं तिसरं घेतलं.